लॅमिनेट केलेलं तिकीट

दादा गेला तेव्हा मी तिथे होतो.

हे वाक्य मी आजवर किती वेळा म्हटलं याचा हिशोब बायकोकडे आहे. लग्नाच्या पंगतीत म्हटलंय, बँकेच्या रांगेत म्हटलंय, आणि एकदा तर अंबाझरी घाटावर, सरण रचलं जात असताना. कुणीतरी हळहळून म्हणालं, "गेला बिचारा, शेवटी कोणाशी काही बोलला नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा पण काही बोलला नव्हता. मी होतो नं तिथे." त्यानंतर त्या घरातून आम्हाला तेरवीचं आमंत्रण आलं नाही.

पुरावा म्हणून तिकीट आहे. जामठा, रविवार, 9 नोव्हेंबर 2008. दुसऱ्याच दिवशी मी ते लॅमिनेट करून आणलं. आमच्या घरात लॅमिनेट केलेल्या वस्तू दोनच, एक आईचं रेशन कार्ड आणि दुसरं हे तिकीट. त्यातलं उपयोगाचं कुठलं, यावर घरात दुमत नाही.

या तिकिटाचा भाव मला नीट कळला तो 2022 साली, आणि तोही अमेरिकेतून. भाचा बोस्टनला असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री त्याचा फोन आला, आवाज बसलेला. मला वाटलं, नोकरी गेली. म्हणाला, "मामा, ब्रेडी रिटायर झाला." मी क्षणभर थांबून विचारलं, "तुमच्या ऑफिसातला का?" पुढचा अर्धा तास त्याने मला टॉम ब्रेडी समजावला. बावीस हंगाम, सात सुपर बोल, वय चव्वेचाळीस. क्वार्टरबॅक म्हणजे काय, तेही समजावलं. मला एवढंच कळलं की फुटबॉल म्हणायचं आणि हाताने फेकायचं, आणि फेकणारा बाद झाला तर अख्खं शहर सुतकात. शहर सुतकात म्हटल्यावर बाकीचं मला आपोआप समजलं.

चाळीस दिवसांनी पुन्हा फोन. ब्रेडी परत आला होता! निवृत्ती रद्द. मी अभिनंदन केलं, तर भाचा चिडलेला. "मामा, मी रडून घेतलं होतं नं!" त्याहून वाईट अवस्था एका अनोळखी गृहस्थाची. ब्रेडीने ज्या चेंडूने 'शेवटचा' टचडाऊन पास दिला, तो चेंडू या गृहस्थाने लिलावात पाच लाख अठरा हजार डॉलरांच्या वर मोजून घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेडी म्हणाला, मी अजून खेळतोय. पुढे तो व्यवहार रद्द झाला म्हणतात. पण ती एक रात्र त्या माणसाने कशी काढली असेल? मी उठून कपाटातून तिकीट काढलं आणि त्यावरून हात फिरवला. आमच्या दादाने असला दगा दिला नाही. आयपीएलमध्ये तो पुढे चार वर्षं खेळला, ते मी धरत नाही. निवृत्तीनंतर सोसायटीचे हिशोब पाहणं म्हणजे नोकरी नव्हे.

तर दादा, म्हणजे सौरव गांगुली. 7 ऑक्टोबर 2008, दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्याने बंगळूरला सांगून टाकलं, ऑस्ट्रेलियाविरुद्धची ही मालिका शेवटची. त्या संध्याकाळी आमच्या पानठेल्यावर जे झालं ते मी विसरू शकत नाही. खर्रा घोटता घोटता ठेलेवाल्याचा हात थांबला. विजय मर्चंट म्हणून गेले होते ना, की लोक 'का जातो' विचारतात तोवर जावं, 'कधी जातो' विचारायची पाळी आणू नये? आमच्या ठेल्यावर हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाने दोन खर्ऱ्यांच्या मधल्या वेळात विचारले. तीन वर्षं "काढा बे याले, पाय हलत नाही त्याचा" म्हणणारा तो माणूस एकदम म्हणाला, "काहून चालला बे तो? आत्ता तर खेळून राहिला होता." तो माणूस मी होतो.

आता हे सांगितलंच आहे तर 2004 पण सांगून टाकतो. आणि 2004 सांगायचं म्हणजे गवत सांगावं लागतं.

ऑक्टोबर 2004, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी, सिव्हिल लाइन्सचं आमचं जुनं मैदान, आणि खेळपट्टीवर हिरवंगार गवत. सामन्याच्या सकाळी कळलं, दादा दुखापतीमुळे खेळत नाही. द्रविड कर्णधार. आपण 342 धावांनी हरलो आणि 1969 नंतर पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाने भारतात मालिका जिंकली. त्या आठवड्यात नागपुरातला प्रत्येक माणूस गवताचा तज्ज्ञ झाला. वास्तविक नागपूरकराचा गवताशी संबंध येतो तो वर्षातून एकदाच, मार्च संपता संपता, कूलरच्या ताट्या बदलताना. पण तो संबंध फार जिव्हाळ्याचा. वाळा जाड की बारीक, हिरवट की पिवळा, नाकाला लावून वास घ्यायचा, मुठीत दाबून पाहायचा. माझे बाबा ताटीतून हात आरपार घालून बघत. हात सहज गेला तर ताटी विरळ, मे महिन्यात मरण. हात अडकला तर दाट, हवा येणार नाही, मरण तेही. हात जावा पण सावकाश जावा, अशी ताटी शोधत आम्ही महालातून सीताबर्डीपर्यंत सायकलवर फिरत असू. शेवटी ज्या दुकानातून सुरुवात केली तिथूनच घेत असू, तोपर्यंत भाव दोन रुपयांनी वाढलेला असे. मग ती ताटी पहिल्यांदा भिजवली की घरभर जो वास सुटायचा, त्याला मी अजून दुसरं नाव दिलेलं नाही. नागपूरचा उन्हाळा सहन होतो तो त्या पहिल्या संध्याकाळच्या भरवशावर. पुढे लाकडाच्या भुशाच्या ताट्या आल्या, मग मधाच्या पोळ्यासारखे पुठ्ठे आले. हवा गार येते. वास येत नाही.

कुठे होतो मी? हं, गवत. तर अशा पारखी शहरात तेवढं गवत खेळपट्टीवर उभं राहिलं आणि दादा बसला. मी पानठेल्यावर त्याला 'पळपुटा' म्हटलं, तेही मोठ्यांदा. दोन वर्षांपूर्वी लॉर्ड्सच्या गॅलरीत त्याने शर्ट काढून फिरवला तेव्हा मीही फिरवला होता. तो माझा शर्ट आमच्या पंख्यात अडकला आणि पंखा हुकासकट डोलू लागला. त्या पंख्याची दुरुस्ती मी दादाच्या खात्यावर मांडून ठेवली असावी. चाहत्यांची वही अशीच असते, सगळं येणं, देणं काहीच नाही.

म्हणून दादाने शेवटची कसोटी नागपुरातच खेळायची हे मला वैयक्तिक वाटलं. वेळापत्रक मंडळाने आखलेलं असतं, हे मला कळत होतं. तरी तो माझ्याशी हिशोब चुकता करायला येतोय अशी माझी खात्री होती. पण जुन्या मैदानावर नव्हे, जामठ्याला. तिथली ती पहिलीच कसोटी. सिव्हिल लाइन्सला धरमपेठेतून आम्ही पायी जायचो. अर्धा दिवस ऑफिस, मग दोन तास मॅच, परत ऑफिस, असा सुटसुटीत कारभार. जामठा म्हणजे वर्धा रोडने छत्रपती चौक, सोमलवाडा, विमानतळ, चिंचभवन, खापरी, आणि तरी पुढे. तेव्हा मेट्रो नव्हती. नागपूरकराला पंधरा किलोमीटर म्हणजे परगाव, तो आधी विचारतो की मुक्काम कुठे. पंचेचाळीस हजार खुर्च्या आणि बऱ्याचशा मोकळ्या, याचं कारण दुसरं काही नाही. आज मात्र शहरात विचारून पहा, जामठ्याला दादाच्या वेळी कोण कोण होतं. दोन लाख भरतील.

मी मात्र होतो. आणि बाबांना घेऊन होतो, त्याचंही कारण आहे.

बाबा 31 ऑक्टोबर 2008 ला निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. मी मागच्या रांगेत, एका कानात मोबाइलची वायर. दिल्लीची कसोटी सुरू होती. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या. कशाला, ते आईने घरी आल्यावर सांगितलं. बाबा दोनच वाक्यं बोलले होते: "साहेब म्हणाले तेवढा काही मी नव्हतो. चला, चहा घ्या." छत्तीस वर्षांच्या नोकरीचं एवढंच भाषण, आणि त्या वेळी मी हेडनचा स्कोअर ऐकत होतो. बाबा काही म्हणाले नाहीत. त्यांनी काही म्हटलं असतं तर मी तिकिटं काढली नसती.

शुक्रवारी दादाने 85 केल्या. मी ऑफिसात. रविवारी आम्ही गेलो.

माझी बढाई ज्या पायावर उभी आहे तो आता दाखवतो. सेहवाग गेला, मागोमाग गळती लागली. मी विचार केला, दादा आला की मग उठता येणार नाही, आत्ताच काहीतरी खाऊन घेऊ. बाबांना म्हटलं, "आलुबोंडा आणतो." स्टँडच्या मागे रांग होती. माझ्यापुढे दोघं उरले असताना मैदानातून टाळ्यांचा लोंढा आला. तो आत येत होता. मी म्हटलं, दोन मिनिटं. गार्ड घेईल, क्षेत्ररक्षण पाहील, ग्लोव्ह ओढेल. एवढा मोठा माणूस काय पहिल्याच चेंडूवर... मी पन्नासची नोट दिली. सुटे पैसे परत हातात पडायच्या आत "अरेरेरे" असा एक आवाज झाला, आणि मग पुन्हा टाळ्या. ब्रॅडमनला शेवटच्या डावात दोन चेंडू तरी मिळाले होते. ते दोन मिळाले असते तर मी जिन्यापर्यंत पोचलो असतो.

परत आलो तेव्हा बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. सीमारेषेपलीकडे दादाची पाठ दिसली, तीही पुढच्या माणसाच्या टोपीमुळे अर्धी. "काय झालं?" बाबा म्हणाले, "आला, गेला."

पण मी सोडलं नाही. परतीच्या वाटेवर, गाडीवर, मागे मान वळवून वळवून विचारत राहिलो. तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहावर स्वतःहून सांगितलं: चेंडू पडला, तो लेगला वळवायला गेला, कड लागली, चेंडू सरळ गोलंदाज क्रेझाकडे परत, त्याने धरला. मी ते वर्णन जसंच्या तसं उचललं. पुढे त्यात मनगटाची हालचाल घातली, मग दादाचं वर बघणं घातलं. क्रेझाने त्या सामन्यात बारा बळी घेतले, हरभजनचे तीनशे बळी तिथेच पूर्ण झाले, सोमवारी शेवटच्या काही षटकांसाठी धोनीने दादाला कर्णधारपद दिलं, हे सगळं मी 'पाहिलं' म्हणून सांगतो. सोमवारी मी ऑफिसात होतो.

एक गोष्ट मात्र सांगत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत फैज फजल निवृत्त झाला. आमचा, विदर्भाचा. वीस वर्षं रणजी. जो संघ लोक गुणतालिकेत खालून शोधायचे, त्याला लागोपाठ दोनदा रणजी जिंकून देणारा कर्णधार. भारताकडून एकच सामना, हरारेत, नाबाद 55, त्यानंतर कुणी बोलावलं नाही. शेवटचा सामना तो सिव्हिल लाइन्सच्या त्याच जुन्या मैदानावर खेळला जिथे त्याने सुरुवात केली होती. पायी जायच्या अंतरावर. वर्धा रोड नाही, रांग नाही. बातमी मी सकाळीच वाचली होती. चहा घेतला, पान उलटलं. जामठ्याच्या नावाने सोळा वर्षं बोटं मोडणाऱ्या मला उठून जावंसं वाटलं नाही. कुणी विचारलं असतं, "तू होता का?" तर सांगायला बरं दिसेल एवढा मोठा तो मला वाटला नसावा. हे लिहितानाही हात जरा अडतोय.

परवा भाचा नागपूरला आला होता. ब्रेडी 2023 मध्ये पुन्हा, या वेळी खरोखरचा, निवृत्त झाला होता, आणि या वेळी भाचा रडला नव्हता. मी तिकीट काढलं. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मी सुरू केलं: टाळ्या, दादा, गार्ड, मनगट, कड, क्रेझा. भाच्याने मधेच आजोबांकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही पण पाहिलं नं? प्रत्यक्ष?"

बाबा आता ऐंशीकडे चाललेत. भिजवलेले दाणे एकेक करून सोलत होते.

"कुठलं बाप्पा," ते म्हणाले. "मी मागं पाहून राहिलो होतो."

"मागं?"

"हा येऊन नव्हता राहिला नं. तिकडं दादा आला, मी म्हटलं याचं हुकते. म्हून उभा राहून जिन्याकडं पाहत होतो, दिसला तर हात करू. तेवढ्यात लोक ओरडले."

मी तिकीट हातात धरून बसलो. "मग ते सगळं? लेगला वळवला, कड लागली?"

"रात्री टीव्हीवर दाखवलं. तू झोपला होता. इतकं विचारून राहिला होता, म्हटलं सांगून टाकू." बाबांनी आणखी एक दाणा सोलला.

"आणि टाळ्या?"

"सगळेच वाजवून राहिले होते." मग भाच्याकडे वळून म्हणाले, "आलुबोंडा पण गारच आणला होता यानं."