पोकळीचे पाचशे रुपये

पुण्याच्या पेठांतून मोटारीला वातानुकूलन असणे ही पुष्कळ दिवस श्रीमंतीची नव्हे, तर अशक्तपणाची खूण मानली जात असे. संध्याकाळी वारा सुटतो, दुपारी बाहेर पडायचे नसते आणि पडलेच तर डोक्याला रुमाल बांधता येतो, एवढा बंदोबस्त असताना जो गृहस्थ काचा वर करून हिंडतो, त्याच्या प्रकृतीतच काही न्यून असले पाहिजे, असे आमच्याकडील जाणत्या मंडळींचे मत होते. साहजिकच माझ्या मोटारीबरोबर आलेले ते यंत्र आम्ही वापरण्याकरिता नव्हे, तर असावे म्हणून बाळगले. व्याही गाडीत बसणार असले किंवा लग्नाचा मुहूर्त भर दुपारचा निघाला, तरच त्याचे बटण दाबण्याची मुभा असे. एरवी ते पेट्रोल खाते, गाडीची ओढ कमी करते आणि सर्दी आणते, या तीन कलमांखाली त्याला सक्त मनाई होती.

पुढे मोटारही म्हातारी झाली आणि मीही झालो. तेव्हा मनाईचे कलम उठवून आम्ही दोघांनी त्या यंत्राचा आश्रय घेतला, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात, ऐन सिग्नलपाशी, बॉनेटखालून प्रथम किंकाळी, मग रबर जळाल्याचा दर्प आणि शेवटी संपूर्ण मौन, अशा क्रमाने कॉम्प्रेसरने आपली सेवा समाप्त केल्याचे जाहीर केले. उस्तादांनी (आमच्या मेकॅनिकला सारा मोहल्ला याच नावाने ओळखतो) पुली हाताने फिरवण्याचा यत्न केला, ती तसूभरही हलेना, तेव्हा त्यांनी ‘जाम झालाय, साहेब’ एवढ्या तीन शब्दांत निकाल दिला आणि पट्टा कापून मला घरी पाठवले. 1939 साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच वातानुकूलित मोटार देऊ केली, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. गारवा पुरे वाटला, तर इंजिन थांबवावे, बॉनेट उघडावे आणि पट्टा स्वहस्ते उतरवून ठेवावा, अशी व्यवस्था होती. उस्तादांनी मला एका कटरनिशी त्या काळात नेऊन सोडले होते.

येथे अण्णांचा प्रवेश होतो. अण्णा आमचे शेजारी. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, परंतु दुसऱ्याच्या कागदात खोट काढण्याच्या कार्यातून मात्र निवृत्त झाले नाहीत. त्यांचा पहिलाच अभिप्राय असा की, ‘गॅस संपला असेल. भरून टाका.’ वातानुकूलनाविषयी महाराष्ट्रात जेवढे लोक बोलतात तेवढे सर्व हेच बोलतात. वास्तविक हा गॅस पेट्रोलासारखा जळत नाही की संपत नाही. माठातले पाणी पाझरून उडून जाताना माठाला गार करते, त्याच न्यायाने डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये हा द्रव वायुरूप होताना आतल्या हवेची उष्णता हरण करतो. फरक इतकाच की माठातले पाणी गेले ते गेले, आणि येथे मात्र तोच वायू दाबून, पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्ये निववून, द्रवरूपाने पुन्हा कामावर रुजू करून घ्यावा लागतो. हा दाब देणारा अंमलदार म्हणजे कॉम्प्रेसर. तेव्हा गॅस कमी झाला याचा अर्थ तो कोठून तरी गळाला, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे तो पुन्हा गळावा याची तजवीज करणे होय.

आणि हा गॅस तरी काय साधासुधा आहे? पूर्वीच्या मोटारींत आर-12 नावाचा वायू असे. तो ज्या थॉमस मिजली यांच्या संशोधनातून आला, त्यांनीच आधी पेट्रोलात शिसे घालण्याची युक्ती काढली होती; एका माणसाच्या हातून वातावरणाची इतकी सेवा क्वचितच घडली असेल. त्या वायूने ओझोनचा थर विरळ होऊ लागला, म्हणून 1987 साली मॉन्ट्रियल येथे राष्ट्राराष्ट्रांत करार झाला आणि त्याच्या जागी आर-134ए आला. हा ओझोनला धक्का लावत नाही. मात्र गळून आकाशात गेला, तर वजनास वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक तापवतो. म्हणजे यंदा ज्याने आपल्याला गार केले, त्यानेच पुढच्या सालाकरिता गिऱ्हाईक तयार ठेवावे, असा हा चोख कारभार आहे.

कॉम्प्रेसरच्या जागेवर नवी नेमणूक करायची तर उमेदवार तीन प्रकारचे. कंपनीचा कोरा, त्याची किंमत ऐकून गाडीच विकावी असे वाटते, आणि गाडी विकू गेल्यास तेवढे कोणी देत नाही. दुसरा, कुर्ल्याच्या बाजारातला, कोणत्या तरी अपघातग्रस्त गाडीतून निघालेला. त्याचे पूर्वचरित्र विचारू नये. तिसरा नाना पेठेत मिळणारा, जुना उघडून, सील आणि बेअरिंगे बदलून, वर रंग देऊन उभा केलेला. रंग पाहून भुलू नये, पण आपला जाम झालेला बदली देता येतो आणि मोबदल्यात काही सूट पडते. मध्यमवर्गाने जे नेहमी केले तेच मी केले, तिसरा घेतला.

माझी कल्पना अशी की, चार बोल्ट सोडायचे, जुना उतरवायचा, नवा चढवायचा आणि चहा प्यायचा. उस्तादांनी चहा घेतला खरा, परंतु नंतर यादी काढली. जाम होताना जुन्या कॉम्प्रेसरने पोटातला धातूचा भुगा साऱ्या नळ्यांत उधळलेला असतो, तेव्हा कंडेन्सर आणि नळ्या फ्लश केल्याच पाहिजेत, नाहीतर तोच कचरा नव्याचाही घास घेतो. ड्रायर बदलणे आलेच, कारण त्यातले ओलावा शोषणारे दाणे नळ्या उघड्या पडताच बाहेरच्या हवेवर ताव मारून तृप्त होतात. सांध्यांच्या रबरी रिंगा नव्या. तेल ठरल्या मापाचेच. बसवल्यावर कॉम्प्रेसरचा दांडा आधी हाताने काही फेरे फिरवायचा, कारण तेल सिलिंडरात साचले असेल आणि इंजिनाने एकदम हिसका दिला, तर नवा उमेदवार पहिल्याच दिवशी कामी येतो. ही कामे उस्ताद ज्या शांतपणे करीत होते, ते पाहता मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला होता. तो अण्णांनी बिल मागेपर्यंत टिकला.

बिलाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिले होते : ‘व्हॅक्युम — 500’.

‘हे काय?’ अण्णांनी चष्मा सरसावला.

‘नळ्यांतली हवा काढली, काका.’

‘म्हणजे आत काय घातलेत?’

‘काही नाही.’

‘काही न घालण्याचे पाचशे?’ अण्णांचा स्वर आता जमाबंदीच्या काळातला झाला. ‘आणि काढलेली हवा कुठे आहे? बदललेले सामान मालकाला परत द्यायचे असते.’

उस्ताद क्षणभरही विचलित झाले नाहीत. ‘इथंच सोडली, काका. तुम्ही मघापासून तीच घेताय.’

यानंतर त्यांनी अण्णांना गेजसमोर बसवून जे निरूपण केले, ते मी शाळेत असताना ऐकले असते, तर पदार्थविज्ञानात बरे गुण पडले असते. पाणी 100 अंशांवर उकळते ते आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाखाली. दाब जवळजवळ शून्यावर आणला की तेच पाणी गॅरेजच्या उष्म्यातही उकळून वाफ होते आणि पंप ती ओढून घेतो. नळ्यांत ओलाव्याचा अंश उरला, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या सुईएवढ्या भोकात बर्फ धरतो आणि तेलाशी संगनमत करून आतून गंज चढवतो. शिवाय पंप बंद केल्यावर काटा जागचा हलला नाही, म्हणजे मोठी गळती नाही, असा दाखलाही मिळतो. अण्णा त्या काट्याकडे अर्धा तास पाहत बसले. तो हलला नाही. अण्णाही हलले नाहीत. मग वजनकाट्यावर मोजून अर्ध्या किलोच्या आतबाहेर गॅस भरला गेला, क्लचचा तो ‘टक्’ असा रुजू झाल्याचा आवाज आला, आणि डॅशबोर्डातून असा वारा सुटला की अण्णांनी कानाला मफलर मागितला.

पाचशेचे मात्र त्यांनी साडेचारशे करून घेतलेच.

वाचकांना विनंती एवढीच की, गॅस भरण्यापूर्वी गळती शोधण्याचा आग्रह धरावा, ड्रायर नवा घालून घ्यावा, आणि पोकळीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. साऱ्या बिलात तेवढीच रक्कम अशी असते की, तिच्या मोबदल्यात नेमके ठरल्याप्रमाणे मिळते. आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवीत जावा. गॅसबरोबर तेल फिरत राहिले, तरच कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील ओले राहते. ते सुकले की गॅस तिथूनच निघून जातो.