नापोलीत म्हैस आडवी जाते

दोन वर्षांपूर्वी आमची लेक व्हीगन झाली. दूध, दही, तूप, चीज, मध, सगळं बंद. ही बातमी घरात आजारपणासारखी पसरली. "ताकसुद्धा नाही?" असं तिच्या आजीनं तीनदा विचारलं आणि मग एका चांगल्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. अशा मुलीला घेऊन आम्ही नापोलीला गेलो. म्हणजे ज्या कांपानिया प्रांतातल्या म्हशींच्या दुधाचं मोझ्झारेल्ला जगभर नावाजलेलं आहे, नेमकं तिथेच. माळकऱ्याला हर्णैच्या मासळीबाजारात मुक्कामाला नेण्यातलाच प्रकार.

बायकोनं पुण्याहून प्रेमानं दशम्या करून आणल्या होत्या. दशमीचं पीठ दुधात भिजवतात, हे विमानतळावर लक्षात आलं. त्यामुळे पहिले दोन दिवस दशम्या मी खात होतो आणि लेक फोनवरच्या नकाशात व्हीगन पिझ्झा शोधत होती. एकदा तो नकाशा आम्हाला चाळीस मिनिटं चालवत काजूच्या चीजचा पिझ्झा मिळणाऱ्या एका ठिकाणी घेऊन गेला. शटर खाली होतं. मी उरलेली दशमी काढली, तर दोघींनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्पाक्कानापोलीच्या एका गल्लीत शिरलो. शहराची उभी फाळणी केल्यासारखा तो सरळसोट रस्ता, आणि त्याला फुटलेल्या अशा गल्ल्या की डोक्यावर एकीकडून दुसरीकडे वाळत घातलेल्या चादरी, भिंतीत मेरीमातेचं देवघर, आणि अंगावर येणारी स्कूटर. घरची आठवण यावी इतकी ओळखीची. तिथे चार टेबलांचं एक दुकान होतं. आत घुमटाची लाकडी भट्टी, बाहेर पिठानं माखलेल्या एप्रनमधले साठीचे काका.

मला इटालियनमधला एकच उपयोगी शब्द येत होता, 'सेन्झा'. म्हणजे शिवाय, वगळून. चीजचा शब्द ऐनवेळी आठवेना, म्हणून मी अभिनयावर आलो. डोक्याला दोन बोटांची शिंगं लावली, दुसऱ्या हातानं धार काढली आणि मग जोरजोरात नकाराचा हात हलवला. काका गंभीरपणे पाहत राहिले. मग "नो, नो, सिन्योरे" म्हणत पुढे आले आणि त्यांनी माझी शिंगं धरून मागे वळवली. गाय नव्हे, म्हैस! "बूफाला!" म्हणून त्यांनी स्वतःच्या बोटांचं चुंबन घेतलं आणि आत जाऊन पाण्यात पोहणारा मोझ्झारेल्लाचा पांढराशुभ्र गोळा घेऊन आले.

"बाबा, तू बस," लेक म्हणाली.

मेन्यूच्या पहिल्याच ओळीवर तिचं बोट होतं. मारिनारा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्हचं तेल. एवढंच. आणि यादीत सगळ्यात स्वस्त.

"मारिनारा म्हणजे समुद्राचं काहीतरी," बायको म्हणाली. "मासा असणार." फोनच्या दुभाषेगिरीतून काकांनी खुलासा केला. हा मारिनाईंचा, म्हणजे खलाशांचा पिझ्झा. खाणारे दर्यावर्दी, पिझ्झ्यात मासा नाही. आमच्या मस्तानीत तरी मस्तानी कुठे असते, हे मला सांगायचं होतं, पण त्यात दूध-आइस्क्रीम आलं असतं. पिठात काय घालता, यावर त्यांनी बोटं मोजली : मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. अंगठा रिकामा राहिला. तो हलवून त्यांनी विचारलं, अजून काय हवं?

आम्ही तिघांत एक मागवला. काकांनी एक बोट वर केलं, मग तेच बोट आमच्यावरून एकेक करत फिरवलं. इथे माणशी एक पिझ्झा, तोही न कापलेला. मग दोघींनी मारिनारा सांगितला आणि काकांचं मन मोडू नये म्हणून मी म्हशीवाला.

भट्टी 485 अंशांच्या आसपास. पिझ्झा आत जातो आणि मिनिट-दीड मिनिटात बाहेर. मी चष्मा पुसेपर्यंत ताटल्या आल्या. कडा फुगलेल्या, त्यांवर चुलीवरच्या भाकरीला पडतात तसे काळे डाग, मधे टोमॅटोचं तळं आणि त्यात कागदासारख्या पातळ लसणाच्या चकत्या. मी लेकीचा एक तुकडा घेतला. मग दुसरा. दूधतूप काढून टाकलेल्या पदार्थाला 'काहीतरी राहिलंय' अशी एक चव असते. ती इथे नव्हती, कारण यातून कुणी काही काढलेलंच नव्हतं. राणी मार्गेरिताच्या नावाच्या पिझ्झ्याची गोष्ट 1889 ची सांगतात, हा खलाशी त्याच्याही आधीचा. युरोपीय संघानं 2010 मध्ये नापोलीच्या पिझ्झ्याचे नियम नोंदवले, त्यात हे दोन्ही आहेत. पण आपण व्हीगन आहोत हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आमच्या पिठलं-भाकरीलाही लेकीनंच सांगितलं.

दारात उभे असलेले लोक पिझ्झ्याची चौघडी करून खात होते. त्याला 'पोर्ताफोल्यो' म्हणतात, म्हणजे पैशाचं पाकीट. "पाकीट कसलं," बायको म्हणाली, "घडीची पोळी आहे ती." आणि तिनं काटासुरी बाजूला सारून अशी सफाईनं घडी घातली की काकांनी भट्टीवाल्याला हाक मारून दाखवलं. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच मनापासून हसली. माझी म्हैस थंड होत होती.

जेवणानंतर कोपऱ्यावरच्या बारमध्ये मी कापुच्चिनो मागितला. काउंटरवरच्या पोरानं घड्याळाकडे पाहिलं. अडीच. मग माझ्याकडे पाहिलं. दुधाची कॉफी सकाळची, जेवणावर नाही, हे त्यानं भुवईनंच सांगितलं. मी पुन्हा शिंगं लावणार होतो, पण लेकीनं हात धरला. समोर अंगठ्याएवढ्या कपात काळी कॉफी आली.

"बाबा, आता तूही," ती म्हणाली.

म्हशीबद्दल मी बोललो नाही. कॉफीत साखरेच्या तीन पुड्या रिकाम्या केल्या. साखर तरी यांना चालते का, हे मात्र मुद्दामच विचारलं नाही.