अर्जदाराचं इंग्रजी उत्तम, पासपोर्ट कच्चा

साकोली तालुक्यातल्या एकोडीतून आजवर परदेशात काय काय गेलं असेल ते असो, इंग्रजी मात्र अजून गेलेलं नाही. ते पाठवण्याचा प्रयत्न सध्या सुरू आहे. प्रयत्न करणाऱ्याला गावात ‘तासिकावाले सर’ म्हणतात. एम.ए. इंग्रजी, बी.एड., टीईटी पास, आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. म्हणजे घंटा झाली की प्राध्यापक, पुढची घंटा झाली की बेरोजगार.

महाराष्ट्रानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. सर त्या पहिल्या तुकडीतले. खेड्यातलं पोरगं उद्या जगाशी बोलेल, अशी त्यामागची आशा. पोरगं बोलायला तयार झालं, तर जग म्हणतं, बोलणं राहू दे, आधी पासपोर्ट दाखव.

आता शिकवायला परदेशात एवढ्या लांब जायचं काहून, असं सरांच्या वडिलांनीही विचारलं. “तिकडे मास्तर सरले का गा?” तिकडचे सरले की नाही ठाऊक नाही, इकडच्या जागा सरल्यात. खासगी संस्थेत जागा निघते, पण तिच्या आधी ‘इमारत निधी’चा आकडा निघतो, आणि त्या आकड्यात सरांच्या वडिलांची धानाची बांधी पाण्यासकट जाते. सरकारी भरतीची वाट ‘पवित्र’ पोर्टलवरून. पोर्टललाच पवित्र म्हणून ठेवलं, हे बरं केलं. उमेदवाराला सोवळ्यात बसून वाट बघता येते. या भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली आणि त्यानंतर थेट २०२३ ला. मधल्या काळात उमेदवारांची लग्नं झाली, काहींची मुलं पहिलीत गेली. गंगेत घोडं न्हालंच, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकचं मानधन आधी ६ हजार होतं, २०२३ पासून १६ हजार झालं.

परदेशात इंग्रजी शिकवायचं तर आधी आपल्याला इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी आयईएलटीएस. तिची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात, म्हणजे शिक्षणसेवकाचा अख्खा महिना गेला आणि वर उधारी झाली. निकाल दोन वर्षं चालतो. त्यानंतर तुमचं इंग्रजी शिळं. हे सर ज्यांच्याकडून इंग्रजी शिकले त्या गुरुजींनी निवृत्त होईपर्यंत एकाच पाठ्यपुस्तकावर नोकरी काढली, त्यांना हे सांगितलं तर बिचारे झोपणार नाहीत.

मग सरांनी देश निवडायला घेतले. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ नावाचा व्हिसा मिळतो, तो सात देशांच्या नागरिकांना: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. चीनची यादीही जवळपास हीच. पदवी कशातली, हा प्रश्न दुय्यम. भूगर्भशास्त्र घेऊन पास झालेला लीड्सचा पोरगा चालतो. मिल्टनवर वीस गुणांचं उत्तर लिहून आलेला एकोडीचा पोरगा चालत नाही. थोडक्यात, ही इंग्रजीची जात पडताळणी आहे, आणि ती जन्मावरच होते. सरांनी हे ओळखलं आणि तहसीलमधून आजोबांच्या जन्माची कोतवाल पंजीतली नक्कल काढून आणली. आजोबा मध्य प्रांतात, ब्रिटिश अमलात जन्मले, सबब हे घराणं इंग्रजीच्या नात्यातलं धरावं, असा अर्ज त्यांनी नक्कल जोडून पाठवला. उत्तर आलं नाही. आपल्या कार्यालयातून निदान ‘त्रुटी’ असा शेरा तरी आला असता.

गंमत अशी की कोरियाचं दार भारतीयांना अगदीच बंद नाही. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात भारतीय शिक्षकाला कोरियन शाळेत इंग्रजीचा सहायक म्हणून जाण्याची वाट ठेवली आहे. कराराच्या कागदावर वाट आहे, जाहिरातीत नाही. जाहिरातीत तेच सात देश. मामा तालुक्याच्या ठिकाणी भेटला की आग्रहानं जेवायला बोलावतो आणि पत्ता विचारला की दुसऱ्या विषयावर जातो, त्यातलाच हा प्रकार.

जपानची अट अधिक बारीक. तिथं भाषा शिकवायची तर त्या भाषेच्या माध्यमातून बारा वर्षं शिक्षण झालेलं हवं. सर इंग्रजी बारा वर्षं शिकले, पण ते शिकवलं गेलं मराठीतून. इंग्रजीच्या तासालाही ‘म्हणजेच काय, मुलांनो’ करत करत. हा खुलासा त्यांनी प्रामाणिकपणे केला आणि जपान गेला.

शेवटी सर म्हणाले, मुळाकडेच जाऊ. इंग्लंड. आणि काय योग, फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडनं आपल्या शिक्षक-पात्रतेचा दरवाजा भारतासह नऊ देशांच्या मास्तरांना उघडला. गणित, विज्ञान आणि भाषा. भाषा! सरांनी त्या रात्री घरी तर्री केली. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. बाहेरून येणाऱ्या शिक्षकांना स्थलांतरासाठी १० हजार पौंड देण्याची योजनाही होती. त्यातही भाषा होती, फक्त इंग्रजी वगळून. इंग्लंडला फ्रेंचवाला हवा, स्पॅनिशवाला हवा. इंग्रजी त्यांच्याकडे घरचं आहे. दीडशे वर्षं आपल्याला पुरवलं ते वरकड होतं की काय, हे विचारायची आता सोय नाही.

पूर्वी असं नव्हतं. सम्राट हेले सेलासींच्या इथिओपियानं भारतातून मास्तर बोलावून नेले. भूतानच्या शाळांत भारतातल्या, त्यातही केरळच्या मास्तरांनी पिढ्या घडवल्या. त्या लोकांना मास्तर हवे होते. आताच्यांना मास्तराचा फोटो हवा असतो. अर्जासोबत अलीकडचा, हसरा, रंगीत.

इथं सरांचं नशीब फळफळलं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. मागच्या हंगामात गावच्या नाटकात सर इंग्रज कलेक्टर झाले होते. वडसाहून भाड्यानं आणलेला सोनेरी विग, चेहऱ्यावर पांढरा थर, तोंडात विझलेला पाईप. परदेशी नोकऱ्या देणाऱ्या एका एजन्सीकडच्या अर्जाला घाईत तोच फोटो गेला. इतके दिवस निपचित पडलेल्या त्या एजन्सीचा तासाभरात मेसेज: मुलाखत उद्याच घेऊ, सोबत शिकवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा.

व्हिडिओ घरच्या पडवीत काढला. मोबाईल धानाच्या पोत्यांवर टेकवला. सर ‘गुड मॉर्निंग, चिल्ड्रन’ म्हणाले, आणि मागून गाडीवाला भोंग्यातून ओरडला, “लसून घ्या, लसून!” दुसऱ्यांदा कोंबडा. तिसऱ्यांदा आई, “भात निवते ना बापू.” चौथ्यांदा वीज गेली. अखेर तिसराच पाठवला. एजन्सीला तो आवडला. पार्श्वभूमीला स्थानिक भाषेची वर्गशिस्त ऐकू येते, असं तिचं मत पडलं. मग त्यांनी पासपोर्टचं पहिलं पान मागवलं. ते पाठवल्यापासून मेसेजवर एकच टिक आहे.

नोकरी पक्की असती तर रजा काढून गेलो असतो, असं सर अधूनमधून म्हणतात. त्यांना परितेवाडीची आठवण करून द्यावी लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले २०२० साली जागतिक शिक्षक ठरले, १० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, निम्मं त्यांनी इतर नऊ स्पर्धकांत वाटून टाकलं. पुढे फुलब्राइटसाठी अमेरिकेला जायचं म्हणून रजेचा अर्ज केला, तर त्यावरून एवढा वाद झाला की तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांना लक्ष घालावं लागलं. जग जिंकता येतं, आवक-जावक विभाग नाही.

आता नवीन आशा जर्मनीची आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सरांनी यादी वाचली. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक. इंग्रजीचा मास्तर कुठंच नाही. वडिलांनी चालकावर बोट ठेवलं. “हे पाय. गाडी चालवाले इंग्रजी नाई लागत.”

सर सध्या सकाळी तासिका करतात आणि दुपारी साकोलीला जड वाहनाचं लायसन काढायच्या क्लासला जातात. शिकवणारे वस्ताद आठवी नापास आहेत. महिन्याला किती पडतात, हे सरांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं. तेव्हापासून सर त्यांना ‘सर’ म्हणतात.