पालीचं स्थळ

विदर्भातले ऋतू कॅलेंडरवर बदलत नाहीत, कूलरवर बदलतात. खिडकीत कूलर बसला की उन्हाळा लागला, कूलरमध्ये पाणी टाकणं थांबलं की मृग निघाला, आणि वाळ्याच्या ताट्या काढून ते धूड कोपऱ्यात पोत्याखाली झाकलं की पावसाळा घरात राहायला आला, असा आमचा साधा पंचांग-हिशेब. गेल्या वर्षी जुलैत मी कूलर खिडकीतून ओढला, तेव्हा त्याच्या मागच्या भिंतीवर ती होती. पाल. शेपटाच्या जागी खोडरबराएवढा बुंधा, आणि मागच्या एका पायाच्या बोटांवर जुनी कात व कूलरच्या पाण्यातला क्षार यांची पांढरी खपली बसलेली. कुणी प्लास्टर घातल्यासारखा तो पाय भिंतीला लागत होता, पण चिकटत नव्हता. ती तीन बोटं वर चढायची आणि दोन बोटं खाली घसरायची. मी नोकरीभर मुलांना तेल लावलेल्या खांबावर चढणाऱ्या माकडाचं गणित शिकवलं. ते माकड खऱ्या आयुष्यात दिसेल असं कधी वाटलं नव्हतं. दिसलं ते असं, रूप बदलून.

"अहो, झाडूने बाहेर काढा तिला," सौभाग्यवतींनी दारातूनच निकाल दिला. मी झाडू उचलला, आणि तिथेच गाव आडवं आलं.

आमचं गाव सेवाग्राम. इथे झाडू उचलणं तसं रोजचंच, पण तो कुणावर उगारायचा म्हटलं की हात जरा अडतो. बापूकुटीत जाऊन पाहा. कंदील, तीन माकडं यांच्या संगतीत तिथे साप पकडायचा एक लाकडी चिमटा आहे आणि साप ठेवायचा पिंजरा आहे. 1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी इथे राहायला आले, तेव्हा हे रान होतं, आणि रानात सापांचा राबता. मारायचं नाही एवढं ठरलेलं. म्हणून चिमट्याने धरायचं, पिंजऱ्यात घालायचं आणि दूर नेऊन सोडायचं. लहानपणी शाळेच्या सहलीत तो पिंजरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी गुरुजींना विचारलं होतं, "दूर म्हणजे कुठे? तिथे कोण राहतं?" गुरुजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं. तो प्रश्न माझ्याबरोबर मोठा झाला. कारण गांधीजी आले त्या काळी या गावालाच आपण नेमके कुठे आहोत हे नीट सांगता येत नव्हतं. मूळ नाव सेगाव. टपाल जायचं गजानन महाराजांच्या शेगावला. अखेर 1940 मध्ये सेवाग्राम हे नाव ठरलं आणि पत्रं घरी यायला लागली. सापांना मात्र नवा पत्ता कुणी लिहून दिल्याची नोंद नाही.

पालीशी माझं नातं आजीकडून आलेलं. आमच्या जुन्या कौलारू घरात संध्याकाळी दिवा लागला की आढ्यावरून 'चुक्‌ चुक्‌' व्हायचं, आणि आजी हातातलं काम थांबवून बोटाच्या पेराने जमिनीवर टकटक करत म्हणायची, "कृष्ण, कृष्ण." तिच्या लेखी पाल हे घरातलं वडीलधारं माणूस होतं, फारसं बोलत नाही, पण बोललं की ऐकून घ्यायचं. आपल्या भाषेने तर शंका नावाची पाल प्रत्येकाच्या मनात कायमची वस्तीला ठेवली आहे आणि तिला चुकचुकण्याचं काम दिलं आहे. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं: डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, उजवीकडे काय, डावीकडे काय. आपण कुणाच्या आयुष्यात एवढ्या घडामोडी घडवतो याची त्या बिचारीला कल्पना नसते. तिचा फक्त पाय सटकलेला असतो. एरवी जिला पाहून घरातली माणसं खाटेवर चढतात, तीच लक्ष्मीपूजनाच्या रात्री भिंतीवर दिसली तर शुभ. तेवढ्या एका रात्री तिला घालवायला कुणी उठत नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर मोरपीस पुन्हा टांगलं जातं.

झाडू ठेवून मी चपलांचं रिकामं खोकं आणलं. झाकणाला भोकं पाडली, तळाशी ओला रुमाल अंथरला, आणि पोस्टकार्डाच्या आधाराने तिला आत घेतलं. मग पुढे काय हे सुचेना, म्हणून भाचीला फोन लावला.

भाची इंग्लंडात असते. तिच्याकडे एक पाल आहे, अगदी रीतसर पाळलेली. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, म्हणून तिकडे तिला बिबट्याच्याच नावाने ओळखतात. भाचीने तिचं नाव भोपळा ठेवलं आहे. या जातीत रंगांच्या हौसेपायी माणसांनी काही वाण तयार केले, आणि त्यातल्या एका देखण्या वाणाबरोबर मेंदूचा एक दोषही पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला. भोपळा त्या वाणाचा. मान वाकडी, चालायला लागला की गोल गोल फिरतो, मध्येच आकाशाकडे टक लावून बसतो, आणि समोरच्या किड्यावर झेप घेतो ती नेमकी वीतभर बाजूला. त्याला चिमट्याने भरवावं लागतं. आधीच्या मालकाला ते झेपलं नाही. मग अशा अडल्यापडल्या पालींना सांभाळून नवी घरं शोधून देणाऱ्या लोकांकडून भाचीने त्याला घेतलं. त्यासाठी चार पानी अर्ज भरला. घरात उष्णता किती, सुट्टीत कोण पाहील, आधी कुणाला वाढवलं आहे का, अशी चौकशी झाली आणि एक बाई घर बघून गेल्या. आमच्या लग्नात सासऱ्यांनी माझ्याबद्दल एवढं विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त नोकरी कायम आहे का ते पाहिलं.

"मामा, घाबरू नकोस," भाची म्हणाली. "शेपूट येईल पुन्हा. बोटांचं बघ. ती कात तशीच आवळत राहिली तर बोटं झडतील. कोमट ओल्या कापडात ठेव आणि कापसाच्या काडीने हळूहळू सोडव. ओढू नकोस. आणि बरी झाली की सोडून दे, भिंतीवरची आहे ती." तेही खरंच. रानातली जनावरं घरात डांबायची नाहीत हे आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकवलं आहे. भोपळ्याचे पूर्वज अफगाणिस्तान-पाकिस्तानाकडचे. पण त्याच्या भाऊबंदांपैकी एक जात आपल्या सातपुड्यात निघाली आणि 2014 मध्ये सातपुड्याचंच नाव घेऊन शास्त्राच्या वहीत चढली. रानात तिला बघितलं की लोक विषारी समजून काठी शोधतात. इंग्लंडात तिच्या नातेवाइकासाठी चार पानी अर्ज, आणि इकडे काठी.

मग आठ दिवस आमच्या पडवीत निसर्गोपचार चालला. कापसाच्या जिल्ह्यात कापसाच्या काडीला तोटा नाही. डोळ्यांवर दोन चष्मे चढवून मी रोज एकेक बोट ओलं करायचो, आणि ती माझ्याकडे पाहत राहायची; न पाहून करते काय? घरातल्या पालीला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि धूळ बसली की ती तो जिभेने पुसून घेते. माझ्या ध्यानात आलं की कुटीतल्या तीन माकडांपैकी डोळे झाकणाऱ्याचा उपदेश हिला या जन्मी पाळता येणार नाही. चुकचुकल्याशिवाय करमत नाही, म्हणजे तोंड झाकणाराही गेला.

गुरुजीपणाची सवय, मी तिला आश्रमाच्या एकादश व्रतांचा पेपर तपासावा तसं तपासलं. असंग्रहात पैकीच्या पैकी. शेपटीत चरबीची पुंजी साठवायची आणि वेळ आली की वळवळती पुंजी शत्रूपुढे टाकून निघून जायचं, हे भल्याभल्या विश्वस्तांना जमलेलं नाही. अस्वादातही उत्तम, डास, पाकोळी, झुरळाचं पिल्लू, मीठ-मसाल्याची तक्रार नाही. शरीरश्रमाला तोड नाही. स्वदेशी आहेच. अहिंसेत मात्र कोरा पेपर. आणि मग दोन विषय आले, भयवर्जन आणि स्पर्शभावना. ते तपासताना लक्षात आलं की या दोन विषयांना परीक्षार्थी मी बसलो आहे. आठ दिवस झाले तरी तिला मी पोस्टकार्डाशिवाय उचललं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आश्रमात गेलो. प्रार्थनेला वेळ होता म्हणून परचुरे कुटीपाशी रेंगाळलो. परचुरेशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. कुष्ठरोग झाला आणि ते इथे आले. त्या काळी या रोगाच्या नावानेच माणसं उंबरठ्याच्या आत व्हायची. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या हाकेच्या अंतरावर झोपडी उभी केली आणि रोज स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. शास्त्रीबुवांची सावली एका पालीच्या गोष्टीत आणण्याचा माझा हेतू नाही. ती योग्यताही नाही. मला फक्त अंतराचं गणित दिसलं. याच अंगणातून सापाला दूर नेलं, आणि याच अंगणात माणसाला जवळ आणलं. दोन्हीत जीव वाचवणंच होतं. पण कुणाला किती अंतरावर ठेवायचं, हे दर वेळी नव्याने मोजलं गेलं होतं. लहानपणीच्या माझ्या प्रश्नाला गुरुजींनी पाणी प्यायला का पाठवलं, ते जरा उमगलं. या गणिताला पुस्तकाच्या मागे उत्तर नसतं.

खपली निघाली. पाचांतली तीन बोटं वाचली. आता स्थळ बघायला हवं होतं. भाचीच्या अर्जातले प्रश्न मी एका पाठकोऱ्या कागदावर उतरवले आणि गावभर फिरलो. पालीचं स्थळ घेऊन आलेल्या निवृत्त मास्तरला चहा मिळतो, होकार मिळत नाही. शेजाऱ्यांनी भिंतीवरच्या नव्या मोरपिसांकडे बोट दाखवलं. दूधवाल्याने मान हलवली, "सर जी, गोठ्यात मांजरीची चार पिल्लं हायेत. दोन दिवसबी नाही टिकाची थे." वाचनालयातल्या बाईंना कसरीच्या बंदोबस्तासाठी ती हवी होती, पण तिथल्या भिंती उंच, तीन बोटांची पाल वरून पडली तर? मी तर तिला नकार देणारी माणसं मोजत होतो. हळूहळू माझ्याच तोंडून नकार येऊ लागले. हे स्थळ फार गरम, ते फार उजेडाचं, तिथे झुरळाचं औषध मारतात. मुलीच्या बापाला कुठलंच घर पसंत पडत नाही तसं झालं.

कागद पुन्हा वाचला. आडोसा हवा, ओल हवी, जवळ दिवा हवा, उंची कमी हवी, मांजर नको. सगळ्या अटी पुऱ्या करणारं एकच स्थळ निघालं, आणि ते मुलीचं माहेर होतं. मी कूलर पुन्हा खिडकीत बसवला, ऐन श्रावणात. खोक्याचं झाकण उघडलं. ती पोस्टकार्डावर आलीच नाही. माझ्या अंगठ्यावरून गेली. गार, कोरड्या रेशमाचा तुकडा सरकावा तसं काहीतरी. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

1978 च्या जानेवारीत इव्हान इलिच नावाचा विचारवंत बापूकुटीत येऊन बसला होता. सामानसुमान ठेवायला बांधलेलं मकान आणि माणसाने राहावं असं घर, या दोहोंतला फरक त्याला त्या मातीच्या भिंतींनी दाखवला. माझ्या घरात सामान भरपूर. कूलरच्या मागची ती सव्वा हात भिंत मात्र त्याने पाहिली असती तर बहुधा खूश झाला असता. येणारेजाणारे बारमाही कूलर बघून मला आळशी म्हणतात. दसऱ्यापर्यंत शेपूट आलं; आत हाडाऐवजी कूर्चा, बाहेर रंग जरा वेगळा, रफू केलेल्या धोतरासारखं. चुकचुकणं मात्र पहिल्यासारखंच.

यंदा अक्षय तृतीयेला ताट्या बदलायच्या होत्या. कूलर ओढण्याआधी मी बोटाच्या पेराने भिंतीवर दोनदा टकटक केली आणि थोडा वेळ थांबलो.