कूळ लागेल हो!

पालघर जिल्ह्यात विकायला असलेला प्रत्येक प्लॉट कशापासून तरी दहा मिनिटांवर असतो. ती गोष्ट अजून झालेली नसते, एवढीच काय ती अडचण. बोईसरच्या एजंटाच्या हिशेबात बुलेट ट्रेनचं स्टेशन दहा मिनिटं, वाढवण बंदर वीस मिनिटं आणि एक्स्प्रेस-वे जवळजवळ अंगणातच. घिवलीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात निवृत्तीची पुंजी बाळगून बसलेले काका हे सगळं ऐकून घेतात, एजंटाला चहा पाजतात आणि रात्री काकूंना म्हणतात, “आत्ता नाही घेतलं तर कधीच नाही.”

बरं, एजंट खोटंही बोलत नसतो. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये खरोखर मंजुरी दिली. खर्च 76,220 कोटी रुपये. त्याच वर्षी 30 ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली. मुंबई–अहमदाबाद या 508 किलोमीटरच्या बुलेट मार्गावर बोईसरचं स्टेशन आहेच. फक्त या मार्गाचं भूमिपूजन झालं 14 सप्टेंबर 2017 ला, आणि त्या मुहूर्तावर काढलेल्या गृहकर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू झाला. बँकेला उद्‌घाटनाची वाट बघायची सवय नसते.

एजंटाने आणलेल्या सातबाऱ्यावर काका क्षेत्रफळ बघतात, मालकाचं नाव बघतात. वाचायचा असतो तो ‘इतर हक्क’ हा रकाना. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीच्या नावावर होत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम 36अ तिथे आडवं येतं. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम 43 ची शर्त असते. शेतजमीन असेल, तर घेणारा शेतकरी लागतो. किनाऱ्यालगत सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध. या चार गोष्टी विचारल्या, की एजंटाला अचानक दुसऱ्या साइटवर जायचं असतं.

घिवलीत आणखी एक गोष्ट आहे, ती सातबाऱ्यावर नसते. ती खिडकीतून दिसते. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र 1969 पासून शेजारी आहे. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. अशा केंद्राभोवती साधारण दीड किलोमीटरपर्यंत वस्ती ठेवत नाहीत आणि पाच किलोमीटरपर्यंत ती फार वाढू द्यायची नाही, असं धोरण असतं. त्यामुळे ‘सी-व्ह्यू टाउनशिप’चं रंगीत पत्रक कुणी हातात ठेवलं, तर समुद्राआधी कोणाचा घुमट दिसणार ते विचारावं. परवानगीचा कागद मागावा. इमारत मोठी असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघावा. भाच्याला सांगून ठेवू नये. भाचा ‘बघितलं’ म्हणतो.

घर घेऊन भाड्याने द्यायचं म्हटलं, तर भाडं आज मिळतं ते बंदराच्या नव्हे, तारापूर एमआयडीसीच्या जिवावर. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार बुलेट ट्रेनबद्दल काही विचारत नाही. तो विचारतो, पाणी किती वाजता येतं, संडास आतला की बाहेरचा, आणि रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपायला मिळेल का. नोकरदार कुटुंब लोकलची वेळ विचारतं. 2013 मध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत आली आणि बोईसर-पालघरचे फ्लॅट मुंबईच्या पगाराच्या टप्प्यात आले. या साध्या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याची खोली रिकामी राहत नाही.

काकांनी शेवटी बोईसरला दोन खोल्या घेतल्या. भाडेकरू आला. काकांनी डिपॉझिट मोजून घेतलं, किल्ली दिली, आणि तो पावती मागू लागला तसे दचकले.

“पावती कशाला? विश्वास आहे ना?”

ही भीती जुनी आहे. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी कूळ म्हणून जमीन कसणारा कायद्याने तिचा मालक मानला गेला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरात आणि ज्यांच्या गेल्या नाहीत त्यांच्याही घरात, तेव्हापासून एकच मंत्र चालत आला: कागद करू नका, कूळ लागेल. पुढे मुंबईच्या चाळींतली भाडी 1947 च्या कायद्याने गोठली आणि मंत्राला दुसरं कडवं मिळालं. आता एमआयडीसीत सहा महिन्यांनी कंपनी बदलणारा, दिवाळीला गावी जाऊन परत येईल की नाही याची खात्री नसलेला पोरगाही काकांना कुळासारखाच दिसतो.

गंमत अशी, की आजचा कायदा बरोबर उलटा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं. खोटं ठरवायचं असेल तर मालकाने ठरवावं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे काका ज्याच्या हातात पुरावा पडू नये म्हणून कागद टाळतात, कायदा त्याच्याच शब्दाला पुरावा मानतो. आणि पावती? ती तर कलम 31 प्रमाणे द्यावीच लागते.

“अकरा महिन्यांचं असलं की नोंदणी लागत नाही,” हे नाक्यावरचं दुसरं शास्त्र. लागते. अकरा महिन्यांच्या करारालाही लागते. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे नोंदणी झाली, असंही नाही.

खर्च बघा. समजा भाडं महिना 5,000, डिपॉझिट 20,000, मुदत अकरा महिने. भाडं झालं 55,000. डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी व्याज धरायचं, ते सुमारे 1,833. बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण 142 रुपये. ग्रामीण भागात नोंदणी फी 500. शुल्क आणि फी मिळून सातशे रुपयांच्या आत, आणि काम ऑनलाइन, अंगठे घेऊन आटोपतं. सातशेच्या पापलेटावर काका घासाघीस करत नाहीत, एवढं इथे सांगायला हरकत नाही. उलट नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर मुदत संपूनही न हलणाऱ्याकडून कलम 24 खाली दुप्पट शुल्क मागता येतं, आणि दिवाणी कोर्टात पिढ्या घालवण्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, ती याच कराराच्या प्रतीसोबत. भांडण झालं म्हणून पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. कलम 29 ची त्याला मनाई आहे, आणि व्हॉल्व्ह फिरवणारा नेमका मालकच असतो हे सगळ्या चाळीला माहीत असतं.

कायद्याचं जमतं. पण घराचं काय? समुद्रावरून येणारी खारी हवा घिवलीत जे करते, ते थोड्या उशिराने सगळ्या किनारपट्टीत करते. ग्रिलला गंज, गंजातून पापुद्रे, मग स्लॅबच्या खालच्या बाजूला एक बारीक तपकिरी रेघ. त्या रेघेकडे काका दोन पावसाळे “ओल आहे” म्हणून बघतात. आतली सळई गंजून फुगलेली असते. तिसऱ्या पावसाळ्यात प्लास्टरचा पोळीएवढा तुकडा भाडेकरूच्या ताटाशेजारी पडतो. सळई उघडी करून, घासून, गंजरोधक लावून भरून घेण्याचं काम पहिल्या वर्षी काही हजारांत होतं. भाड्यातून दर महिन्याला थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढणारा मालक या भागात सापडला, तर तो बहुधा तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेला असतो. तिथे देखभालीची नोंदवही भरायची सवय लागलेली असते.

कराचं थोडक्यात: भाडं दाखवायचंच नाही, ही जुनी सवय सोडावी. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्ती केली असो वा नसो.

राहिला प्रश्न भाडं वाढवण्याचा. भाडेकरू पहिल्या दिवशी ‘अंकल’ म्हणतो, चौथ्या महिन्यात काकूंच्या हातचा सुका बोंबील मागतो, आणि मग त्याच्यापुढे पाचशे रुपये वाढवायचं नाव काढणं काकांना लग्नात आहेर परत मागण्याइतकं अवघड होतं. नूतनीकरणाला किती टक्के वाढ, हे करारातच लिहिलेलं असेल तर तोंड उघडावं लागत नाही. लिहिलेलं नव्हतं. म्हणून काकांनी एका रविवारी वाक्य पाठ केलं, रिक्षा पकडली आणि खोलीवर गेले.

“अंकल, अच्छा हुआ आप आ गए,” भाडेकरू म्हणाला. “मोटर दो दिन से बंद है.”

काका परत आले ते नवीन मोटर, टाकीचं झाकण आणि जिन्यातला दिवा एवढं कबूल करून. भाडं तेवढंच. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, कोऱ्या कराराचा नमुना पुढे ओढला आणि वाढीच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात दहा टक्के लिहिलं. पुढच्या रविवारी त्या जाणार आहेत. काकांनी फक्त मोटर घेऊन मागून यायचं आहे.