बोनस: व्याख्या, व्याप्ती आणि कपिलधार

बोनस ही मालकाने द्यायचीच असलेली रक्कम आहे. तरीही ती देताना त्याच्या चेहऱ्यावर कन्यादानाचा भाव असतो. कायद्यात या भावाला कुठेही आधार नाही. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे किमान बोनस वर्षाच्या वेतनाच्या ८.३३ टक्के ठरला. आकडा विचित्र दिसतो, पण तो शंभराला बाराने भागून आलेला आहे. बारा महिने राबल्यावर तेराव्याचा पगार, एवढाच त्याचा अर्थ. तोटा झाला तरी तो द्यायचा, नफा भरपूर झाला तर २० टक्क्यांपर्यंत चढवायचा. नव्या आस्थापनेला पहिली पाच वर्षे सवलत आहे: नफा झाला तरच बोनस. मात्र नुसती जागा, नाव किंवा मालकी बदलून आस्थापना नवी होत नाही, असा खुलासाही सोबत जोडावा लागला. कायदा लिहिणाऱ्यांना मालकवर्गाची चांगली ओळख असावी. पूजेच्या निमित्ताने आधीच दिलेला बोनस हिशेबातून वळता करता येतो. अर्धा किलो सोनपापडीचा डबा वळता करता येत नाही, कारण कायद्याने बोनस रोखीत मागितला होता.

मूळ इतिहास मुंबईच्या गिरण्यांचा. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना बरकत आली आणि १९१७ मध्ये मालकांनी १० टक्के ‘वॉर बोनस’ दिला. युद्ध संपले, बरकत ओसरली, बोनसही थांबला. १९२४ मध्ये त्यासाठी गिरणी कामगारांनी संप केला. चौकशीला नेमलेल्या समितीने निकाल दिला तो असा, की कामगारांचा बोनसवर कोणताही हक्क नाही. ना रिवाजाचा, ना कायद्याचा, ना न्यायबुद्धीचा. समितीचे प्रमुख मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड होते. हक्क सापडायला पुढे चाळीस वर्षे लागली. १९६५ मध्ये ४ टक्के, १९७२ मध्ये ८.३३, आणीबाणीत पुन्हा कात्री, १९७७ मध्ये जनता सरकारकडून ८.३३ परत. देशाच्या लोकशाहीची तब्येत बोनसच्या टक्केवारीवरूनही तपासता येत होती.

१९६५ च्या कायद्यात पात्रतेच्या अटी तीन. वर्षात किमान ३० दिवस काम. आस्थापनेत २० माणसे. सरकारने ठरवले तर १०. आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना २१,००० रुपयांच्या आत पगार. ही मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीने आली. हिशेब मात्र २१,००० वर होत नाही. ७,००० किंवा किमान वेतन, यांतले जे जास्त असेल त्यावर होतो. म्हणजे २०,९५० पगाराच्या माणसाला मालकाने खूश होऊन शंभर रुपयांची वाढ दिली, तर वर्षाला १,२०० रुपये वाढतात आणि सुमारे ७,००० चा बोनस जातो. दिवाळीच्या तोंडावरची पगारवाढ म्हणून जपून घ्यावी.

वीस माणसांच्या अटीमुळे हजेरीपटावर एकोणीस नावे असण्याची प्रथा पडली. विसावा असतो, सकाळी शटर तोच उघडतो, पण तो ‘घरचाच’ असतो.

हा कायदा बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला लावून पाहिला, तर त्याची व्याप्ती नीट समजते. मांजरसुंब्याजवळच्या डोंगरात धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी असलेले हे क्षेत्र. कार्तिकी पौर्णिमेला इथे यात्रा भरते, महाराष्ट्रासह कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या येतात. नफ्यासाठी नसलेल्या संस्था कायद्याने वगळल्या, त्यामुळे धर्मादाय कारभाराचा प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. प्रसादाची, फुलांची, खेळण्यांची दुकाने नवरा, बायको आणि शाळा बुडवून आलेला मुलगा यांच्यावर चालतात. हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर माणसे जास्त दिसतात, पण हजेरीपटाची प्रथा वर सांगितलीच आहे. एवढ्या गर्दीत बोनसचा हक्कदार शोधायचा तर दर्शनाला आलेला एखादा साखर कारखान्यातला कायम कामगार गाठावा लागेल. त्याच्या हंगामी भावालाही बोनस आहे. शिवाय गाळप बंद असताना घरी बसण्याचा ‘रिटेन्शन’ भत्ता आहे.

याच साखरेसाठी ऊस तोडणारा मात्र यात्रेत सहसा दिसत नाही, कारण पौर्णिमेच्या आत त्याची टोळी गाव सोडून गेलेली असते. बालाघाट डोंगररांगेच्या या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे माणसे निघतात. पात्रतेच्या अटींवर त्याला घासून पाहावे. ३० दिवस? हंगाम चार-पाच महिन्यांचा. २० माणसे? नवरा-बायको मिळून एक कोयता. दहा कोयत्यांची टोळी झाली की वीस भरले, आणि इथे विसाव्याला कोणी घरचा म्हणत नाही. २१,००० चा प्रश्नच येत नाही. सगळ्या अटी पुऱ्या होतात. अडते एका ठिकाणी: मालक सापडत नाही.

शोध असा चालतो. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक संस्थेशी. संस्था वाहतूकदाराकडे बोट दाखवते, वाहतूकदार टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडे. मुकादम म्हणतो, मीही कोयताच होतो, मला कमिशन मिळते. कोणत्या तारखेला कोणाच्या उसाच्या फडात कोयता घालायचा हे कारखान्याचा चिटबॉय सांगतो, मोळ्या भरलेली गाडी कारखान्याच्या काट्यावर उभी राहते, टनाचा दर कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना बसून ठरवतात. २०२४ च्या जानेवारीत तो ३४ टक्क्यांनी वाढला. कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण तो मालक, असे कायद्याची व्याख्या सांगते. पण व्याख्या पुस्तकात असते आणि पुस्तक फडात नेत नाहीत.

बोनसऐवजी तोडणी कामगाराला मुकादमाकडून उचल मिळते. दोन्ही रकमा दसरा-दिवाळीच्या आसपास हातात पडतात, म्हणून गल्लत होऊ नये. बोनस हे केलेल्या कामाचे राहिलेले वेतन. उचल हे न केलेल्या कामाचे घेतलेले कर्ज. बोनस मिळाला की वर्ष संपते, उचल मिळाली की सुरू होते. आजारपणात एक दिवस फडात गेले नाही तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की हिशेब होतो. उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, म्हणजे पुढच्या वर्षीची नोकरी पक्की. रोजगाराची इतकी हमी कायम कामगारालाही नाही.

२०१९ च्या वेतन संहितेने जुना बोनस कायदा पोटात घेतला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. ८.३३ टक्के तेच राहिले, पगाराच्या मर्यादा सरकारी अधिसूचनेवर सोडल्या. बोनस बँक खात्यात, वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत जमा करायचा. लैंगिक छळासाठी शिक्षा होऊन बडतर्फ झालेल्याचा हक्क जातो, ही भर चांगलीच म्हणावी. तोडणी कामगारासाठी लक्षवेधी आहे ती संहितेखालच्या नियमांतली कंत्राटदारविषयक तरतूद: कंत्राटदाराने किमान बोनस चुकवला, तर कामगारांनी किंवा नोंदणीकृत संघटनेने लेखी कळवायचे, खात्री झाली की मूळ कंपनीने तो द्यायचा. मुकादम हा कंत्राटदार आहे असे कोणी तरी आधी लेखी मान्य करावे, एवढाच टप्पा राहतो. अर्ज कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत बसून, बॅटरीच्या उजेडात, पहाटे चारला फडात जाण्यापूर्वी लिहिता येईल. तो द्यायचा मात्र ज्याची उचल फिटायची आहे त्याच्याविरुद्ध.

तपासायला निरीक्षक होते. संहितेत ते ‘निरीक्षक-तथा-सुलभकर्ता’ झाले. काही चुकांत खटल्याआधी मालकाला त्या सुधारण्याची संधी देणे हेही त्यांचे काम. कमी रक्कम दिली, तर पहिल्या खेपेस दंड कमाल ५०,००० रुपये, आणि त्याच्या निम्मे भरून प्रकरण मिटवता येते. निम्मे म्हणजे २५,०००. एका कोयत्याची उचल याहून जास्त असते.