जवळजवळ

एडिसनच्या आमच्या मराठी कंपूत त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. त्याचं नाव 'जवळजवळ'. गेली 9 वर्षं तो एक जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार घेतो आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी पंगत बसते, पोळीवर तूप पडतं आणि तो म्हणतो, "या वेळी जवळजवळ घेतलीच होती रे!"

गाडी ठरलेली आहे. माझदा आरएक्स-8. 2003 ते 2012 एवढीच वर्षं ती बनली, म्हणजे नवी मिळायचा धोका नाही. सुप्राचा विषय त्याने एका वाक्यात संपवला : "त्या भावात पनवेलला फ्लॅट येतो." माझदाचीच मियाटा आम्ही सगळ्यांनी सुचवून पाहिली. स्वस्त, हलकी, टिकाऊ. तो दुखावला. "ज्या गाडीत काही बिघडतच नाही, तिचा अभ्यास काय करायचा?"

अभ्यास मात्र दांडगा. आरएक्स-8च्या इंजिनात पिस्टन नसतो, तिकोनी रोटर फिरतो. गेल्या गणपतीत, आरतीनंतर, त्याने मला ते समजावलं. हातातला समोसा आमटीच्या वाटीत आडवा घातला आणि फिरवू लागला. "हा रोटर. ही तीन टोकं. प्रत्येक टोकाला एक पट्टी, एपेक्स सील. ती वाटीला घासून राहिली पाहिजे. सुरुवातीला माझदाच्या इंजिनात या पट्ट्यांचे ओरखडे उठायचे, त्यांना ते लोक सैतानाची नखं म्हणायचे." दुसऱ्या फेरीत समोशाचं एक टोक तुटलं आणि बटाटा बाहेर आला. तो हळहळला. "बघ. इंजिनचं काम निघालं."

मग 1991. त्या वर्षी माझदाची 787बी रोटरीच्या जोरावर ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. त्याआधी कुठल्याच जपानी कंपनीला ते जमलं नव्हतं. हे तो अशा आवाजात सांगतो, जसं आपल्याकडे 1983च्या वर्ल्ड कपबद्दल सांगतात. ऐकणाऱ्याच्या हातातली खीर गार होते.

या प्रेमाचं मूळ माझदाच्या हिरोशिमात नाही, सदाशिव पेठेत आहे. त्याच्या बाबांकडे चेतक होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, सकाळी ओव्हर झाली की तिरकी करायची, मग किकवर किक. आरएक्स-8 तशीच. सीलला वंगण मिळावं म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं ऑइल जाळतं. दर दुसऱ्या टाकीला काडी काढून पातळी बघावी लागते. थंड असताना सुरू करून लगेच बंद केली, तर ओव्हर होते. प्लग भिजतात. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारत बसायचं. तेराशे सीसीचं इंजिन, आणि शहरात गॅलनला वीस मैलसुद्धा देत नाही. बाकीच्यांना हे दोष वाटतात. त्याला बाबा आठवतात. "न्यू जर्सीत पेट्रोलसुद्धा पंपावरचा माणूसच भरतो," तो म्हणतो. "आपल्याला काही काम नको का?"

एक्सेलमध्ये त्याने गेल्या महिन्यापर्यंत पाहिलेल्या 41 गाड्या आहेत. रकाने : मैल, गंज, कॉइल कधी बदलल्या, आणि सगळ्यात महत्त्वाचा, कॉम्प्रेशन. साधा गेज याला चालत नाही. रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे दाखवणारं खास यंत्र लागतं. दोन रोटर, सहा आकडे. ते रिपोर्ट तो घरच्यांच्या रक्ताच्या रिपोर्टपेक्षा जास्त बारकाईने वाचतो. पाच आकडे चांगले असले, की सहाव्यासाठी नकार. सहाही चांगले असले, की, "इतके चांगले कसे? काहीतरी लपवतोय."

वहिनींचं मत सुरुवातीला विरोधी होतं. त्याने चार दारं मोजून दाखवली : "फॅमिली कार आहे!" मागची दारं उलटी उघडतात आणि पुढची उघडल्याशिवाय ती उघडत नाहीत, हे त्यांनी जाहिरातीतल्या फोटोवरूनच ओळखलं. "म्हणजे मुलांना उतरायचं असेल तर आधी मी दार उघडायचं. तशी ती आत्ताही माझ्यावाचून हलत नाहीतच." पण विरोध होता तोवर सगळं सुरळीत होतं. खरं संकट दोन वर्षांपूर्वी आलं. वहिनी एके सकाळी चहा गाळताना म्हणाल्या, "घेऊन टाक रे एकदाची. पैसे बाजूला ठेवलेत मी."

तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही. मग म्हणाला, "अजून सर्व्हिसची वही बघायला हवी."

गेल्या महिन्यात पेनसिल्व्हेनियात एक गाडी निघाली. मला बरोबर नेलं, अर्थात त्याच्या मिनीव्हॅनमधून. (तीही जपानीच आहे. सात सीटची. एकदाही ओव्हर झालेली नाही, म्हणून तिच्याबद्दल तो कधी बोलत नाही.) सामान : टॉर्च, आरसा, पत्र्याखाली लांबी भरली आहे का ते बघायला चुंबक, आणि गुडघ्याखाली घ्यायला देवघरातलं आसन. मालक एक निवृत्त शिक्षक. गाडी बसकी, गुडघे ऐकत नाहीत, म्हणून विकायची.

जवळजवळ आसनावर बसला, गाडीखाली वाकून आला आणि बोलू लागला. ल मान्स झालं. सैतानाची नखं झाली. नऊ हजार फेऱ्यांपर्यंत हे इंजिन कसं गात जातं, ते झालं. बाबांची चेतकसुद्धा झाली. मालकाला चेतक म्हणजे काय ते कळलं नाही, पण बाबा कळले. चाळीस मिनिटांनी त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माफ करा. आपल्याकडे काय आहे ते माझ्या लक्षातच नव्हतं. मी ही विकत नाही."

सहाही आकडे उत्तम होते.

परतीच्या वाटेवर तो शीळ घालत होता. डेलावेअर नदीचा पूल ओलांडला तेव्हा म्हणाला, "जवळजवळ घेतलीच होती रे!" घरी येऊन त्याने एक्सेलमध्ये 42वी ओळ भरली. शेरा : 'गाडी योग्य हातात आहे.' मी वर सरकवून पाहिलं. हाच शेरा आणखी दोन ठिकाणी होता.

तेव्हा, कुणाकडे आरएक्स-8 असेल आणि ती विकायची असेल, तर आमच्या मित्राला बोलावू नका. ठेवायची असेल तर जरूर बोलवा. शनिवारी सकाळी तो मोकळाच असतो. आसन स्वतःचं आणतो.